काचवाल्यांची चाकं

“थांब, पुढे होऊ नकोस,” काचवाल्यांच्या बायकोनं मुलाचं मनगट धरलं. “त्यांचं त्यांना करू दे.”

मुलगा थांबला, पण जीव सगळा समोर लागलेला. पिकअपच्या उघड्या दारातून काचवाले दिसत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर. डावा हात ओढत होता आणि उजवा त्याच्या सोबतीला नुसता ठेवल्यासारखा होता. स्टिअरिंग वीतभर फिरलं, अडलं, आणि हळूच मागे आलं. उजवा हात घसरून मांडीवर पडला. काचवाल्यांनी तो डाव्या हातानं उचलून पुन्हा वर ठेवला, जसं झोपलेल्या मुलाचं डोकं उशीवर नीट ठेवतात तसं, आणि पुन्हा जोर केला.

“अहो, घाई नाही,” ती म्हणाली. “दमानं.”

“दमानंच करतोय.”

पुन्हा वीतभर. पुन्हा मागे.

हवामास्तर गाडीच्या नाकाशी उकिडवे बसून चाकाकडे बघत होते. शेजारच्या टायरच्या दुकानाचे ते मालक. उभ्या आयुष्यात लोकांच्या चाकांत हवा भरत आले आणि स्वतःच्या अंगावर मात्र मूठभर मांस धरू शकले नाहीत, म्हणून सगळे त्यांना हवामास्तर म्हणायचे. “हललं की! थोडं हललं,” ते मोठ्यानं म्हणाले. “पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं, राव.”

‘पहिल्या दिवसाला पुष्कळ’ हे ऐकलं आणि काचवाल्यांनी हात खाली घेतले. इंजिन बंद केलं. दाराला धरून, आधी डावा आणि मग उजवा पाय टेकत ते खाली उतरले. नव्या चाकांकडे त्यांनी एकवार नीट पाहिलं. चकचकीत, रुंद, आरशासारखी. मुलानं परगावाहून स्वतः आणलेली.

“फार देखणी चाकं आणलीस रे,” ते मुलाला म्हणाले. “जो कुणी गाडी घेईल, खूश होईल.”

आणि आत गेले.

पिकअप अंगणाच्या मध्येच, घराच्या दाराकडे तोंड करून उभी होती. गोल दिव्यांची, फुगीर गालांची, आकाशी रंगाची. काचवाल्यांनी ती लग्नाआधी घेतली होती. घरात ती आधी आली आणि बायको नंतर. म्हणून बायको पहिल्यापासून तिला जाऊबाई म्हणायची. “जाऊबाईंना आज अंघोळ घातली का?” “जाऊबाई रुसल्यात वाटतं, सकाळपासून खोकतायत.” मुलगा लहानपणी सगळ्यांना सांगायचा, मला एक काकू आहे, ती दारातच उभी असते.

जाऊबाईंच्या पाठीवर लाकडाची एक तिरपी चौकट होती. तिला उभ्या काचा टेकायच्या, मध्ये गोधडीच्या घड्या, वरून पट्टा. या धंद्यात काच कापता येणं निम्मं आणि ती गिऱ्हाइकाच्या खिडकीपर्यंत सुखरूप नेणं निम्मं, असं काचवाले म्हणत. दुसऱ्याच्या गाडीतून काच पाठवायला ते कधी तयार झाले नाहीत. तान्हं मूल परक्याच्या कडेवर देऊन कुणी गावाला पाठवतं का, हा त्यांचा सवाल. माप स्वतः घ्यायचं, काच स्वतः कापायची, स्वतः न्यायची, स्वतः बसवायची. गावातल्या किती खिडक्यांतून लोक त्यांच्या काचेआडून पाऊसपाणी बघत होते, याचा त्यांना पत्ता नव्हता. पण रस्त्यानं जाताना ते खिडक्यांकडे बघत, आणि एखादीपाशी चालही थोडी हळू होई.

वर्षापूर्वी टेबलावर एक मोठी काच कापताना त्यांचा उजवा हात अचानक परका झाला. काच त्यांच्या हातात होती. ती त्यांनी डाव्या हातानं, छातीनं, हनुवटीनं कशीबशी सावरत टेबलावर आडवी ठेवली, आणि मग स्वतः खाली बसले. काचेला ओरखडाही नव्हता. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं तेही काचेबद्दलच.

वर्षभर मग रबरी चेंडू दाबणं, खुंट्या भोकांत घालणं, सदऱ्याची बटणं लावणं. व्यायाम शिकवणारी मुलगी चांगली होती. घरी येणारेही सगळे चांगलेच होते. “कालपेक्षा बरं आहे हं!” “वा, चेहऱ्यावर तेज आलंय!” सगळे त्यांच्याशी खालच्या आवाजात बोलत, जसं आजाऱ्याच्या खोलीत बोलतात. पूर्वी त्यांच्याशी उशिरावरून तावातावानं भांडणारी गिऱ्हाइकंही आता “सावकाश होऊ दे हो, काही घाई नाही” म्हणत. हे ‘सावकाश’ कुठल्याही शिवीपेक्षा काचवाल्यांना लागत असे. ते बोलून दाखवत नसत. बायकोला मात्र कळे.

ती स्वतः वर्षभर त्यांचा उजवा हात बघत आली होती. जेवताना, झोपेत, चालताना. त्यांच्या तोंडाकडे बघायच्या आधी तिची नजर हाताकडे जायची. आज पेला धरला का, आज बोट उघडलं का. देवापुढे बसली की तिनं कधी मागणं मागितलं नव्हतं. तो स्वभावच नव्हता तिचा. पण या वर्षी डोळे मिटले की आत तो हातच दिसायचा, आणि मग ती तोच देवाला दाखवायची. हा बघ. एवढंच.

वर्षात काचवाले डाव्या हातानं काच कापायला शिकले. हळूहळू, पण सरळ. आता एक गाडी चालवणं तेवढं उरलं होतं. व्यायामाची मुलगी म्हणाली होती, “हाताला झेपलं तर माझी ना नाही.” मुलाचं म्हणणं साधं होतं आणि त्यात काही वाईटही नव्हतं. “झेपलं तर उत्तम, बाबा. नाहीतर माझ्याकडे चला दोघंही. खोली तयार आहे. इथे गाडीशिवाय धंदा होणार नाही, आणि नुसतं बसून तुम्ही राहणार नाही.” काचवाले ‘बघू’ म्हणाले होते.

वर्षभर ठोकळ्यांवर उभ्या असलेल्या गाडीचे टायर वाळून तडकले होते आणि जुन्या रिमा गंजून आतून खाल्ल्या गेल्या होत्या. नवीन चाकं घ्यायलाच हवी होती. मुलगा म्हणाला, ती माझ्याकडून. आणि तो ही रुंद, झळाळती, अठरा इंचांची चाकं घेऊन आला. हवामास्तरांनी आज सकाळी ती चढवली, तेव्हा रस्त्यानं जाणारे दोघे-तिघे थांबून बघत राहिले होते. स्वतः काचवालेसुद्धा हसले होते. “अरे, ही तर पुन्हा बोहल्यावर चढायला निघाली!”

आणि आता हे असं.

“मी समजावतो त्यांना,” मुलगा म्हणाला. “दोन-चार महिन्यांनी पुन्हा बघू म्हणून.”

“नको,” ती म्हणाली. “त्या ‘पुन्हा बघू’चाच त्यांना कंटाळा आलाय.”

“मग काय, आई? हातच चालत नाही तर...”

“हळू बोल.”

हवामास्तर गुडघ्यावर हात टेकत उठले. “वहिनी, गाडी जरा कडेला घेतो. तुमचा दरवाजा अडलाय.” त्यांनाही काहीतरी करायला हवं होतं. ते वर चढले, इंजिन सुरू केलं आणि चाकं वळवायला लागले.

ती त्यांच्याकडे बघत होती, खरं म्हणजे सवयीनं त्यांच्या हातांकडे बघत होती. दोन धडधाकट हात. तरी स्टिअरिंग वीतभर फिरलं आणि अडलं. मास्तरांनी सीटवर पुढे सरकून बूड टेकवलं, ओठ आत घेतले. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या. काटकुळ्या दंडांवर दोन लिंबं उगवली. स्टिअरिंग कण्हत कण्हत थोडं पुढे गेलं, आणि पुढचं चाक मडगार्डच्या आतल्या बाजूला घासून ‘खर्र’ वाजलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “जड जातंय का?”

“छे हो, उभ्या गाडीला थोडं जड...” मास्तर बोलता बोलता थांबले. स्टिअरिंगवरचे हात तसेच राहिले. त्यांनी हातांकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग तिच्याकडे. “आयला,” ते हळूच म्हणाले. “वहिनी, माफ करा. पण आयला!”

“काय झालं?”

“काय झालं काय? उतरा म्हणा मला कुणीतरी आणि दोन थोबाडीत द्या! पोरा, ये इकडे. बस. फिरव.”

मुलगा चढला. तो रोज व्यायामशाळेत जाणारा, दंड पिळदार. त्यानं एका हातानं सहज फिरवायला घेतलं, मग दुसरा हात लावला, मग दात आवळले.

“काका, हे जाम झालंय.”

“जाम नाही झालं. तू आणलेल्या टायरांची रुंदी बघ. दोनशे पासष्ट मिलिमीटर! जुने होते त्यांच्यापेक्षा चार बोटं जास्त. तेवढं रबर जमिनीला चिकटून बसलंय. वर ही रिम चाकाला बाहेर काढते. दार बिजागरीशी धरून ढकललं आणि कडेला धरून ढकललं, यात फरक पडतो ना? तसं इथे रस्त्यानं कड धरलीय आणि आपण बिजागरीशी ढकलतोय. नव्या गाड्यांना स्टिअरिंगला मदत करायला पंप असतो. या बयेला काय आहे? मालकाचे दोन हात!”

“मग मघाशी का नाही बोललात?” मुलाचा आवाज चढला.

“कारण मी हात बघत होतो!” मास्तरही ओरडले. “तुझ्यासारखाच! वर्षभर आपण सगळे तो एक हात बघत बसलोय. स्टिअरिंग फिरलं नाही, म्हणजे हात. दार उघडलं नाही, तरी हातच. अरे, चाक चढवल्यावर गाडी आधी पूर्ण वळवून बघायची असते, मी दुकानात नव्या माणसालाही हेच शिकवतो. आणि आज स्वतः चढवल्याबरोबर टाळ्या वाजवायला बसलो. टायरवाला म्हणे!”

ती खाली पायरीवर बसली. हसूही येत होतं आणि दुसरंही काही येत होतं. हात नव्हे तर. टायर. देवा, एवढ्या साध्या गोष्टीला आम्ही सगळे मिळून कसे आंधळे झालो.

“मी सांगून येतो,” मुलगा आत धावला.

तो गेला तसाच परत आला.

“नाही म्हणतात.”

“काय नाही?”

“म्हणतात, तुझ्या आईनं शिकवून पाठवलं असेल. ‘आता नाटकं पुरे, वर्षभर खूप गोड बोललात.’ कापायच्या टेबलाशी, दाराकडे पाठ करून बसलेत.”

ती उठली आणि स्वतः गेली. काचवाले टेबलावरचं जाड कापड झटकत होते. त्यावर झटकण्यासारखं काहीच नव्हतं.

“अहो, भाऊजींनाही वळलं नाही.”

“असं.”

“तुमच्या मुलालाही नाही. तोंड लाल झालं त्याचं.”

“चांगला अभिनय करतो. शाळेतही करायचा.”

“मी कधी खोटं बोलले तुमच्याशी?”

काचवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. “रोज,” ते म्हणाले. रागावून नव्हे, अगदी मऊ आवाजात. “रोज सकाळी म्हणतेस, आज मूठ घट्ट वाटतेय. मला माहीत नाही का माझी मूठ?”

तिनं ते खोटं प्रेमानं बोललं होतं, आणि आज नेमकं खरं बोलायच्या वेळी तेच आडवं आलं होतं. ती मान खाली घालून बाहेर आली.

“ऐकत नाहीत ना?” मास्तर म्हणाले. “मीही नसतो ऐकलं. मग आता तोंडानं सांगायचं नाही. चाकं बदलायची आणि बसवायचं. माझ्या मागच्या ढिगात याच पाच भोकांच्या लोखंडी रिमा आहेत. पोरा, चल, हात लाव.”

मास्तरांच्या दुकानामागे रिमांचा ढीग होता. त्यांनी आणि मुलानं मिळून काही रिमा गडगडवत अंगणात आणल्या, भिंतीला टेकवल्या, आणि मग दोघांचं सुरू झालं. ती मध्ये उभी.

“या सोळाच्या घेऊ या,” मुलगा फोनवर बोट फिरवत म्हणाला. “इथे हिशेब दिलाय. दोनशे पंधराचा टायर लावला तर एकूण उंची जुन्या चाकाएवढीच राहते. म्हणजे वेगाचा काटाही खोटं दाखवणार नाही.”

“हिशेब बरोबर आहे तुझा. पण दोनशे पंधरासुद्धा आज नको. आधी त्यांना हलकं लागू दे. चौदाची रिम टाकू. छोटं चाक, बारीक टायर. लोण्यासारखं वळेल.”

“मग गाडी बुटकी नाही का दिसणार?”

“दिसू दे. जाऊबाईंना या वयात उंच टाचा कशाला हव्यात? काय वहिनी?”

“मला काय विचारता. मागे राहू दे ही चमकणारी आणि पुढे तुमची साधी लावा,” ती म्हणाली. मुलाचं मन राखायला म्हणाली होती. “वळतात ती पुढचीच ना?”

“म्हणजे समोरून विरक्त आणि मागून नवरी!” मास्तर खो खो हसले. मुलगाही हसला, सकाळपासून पहिल्यांदा. “चौदाच टाकू. ठरलं. जॅक घे.”

“चौदाची पुढे बसणार नाही.”

तिघांनी मागे वळून पाहिलं. काचवाले दारात उभे होते. कधी आले कुणास ठाऊक.

“ब्रेकच्या ड्रमला टेकते आतून,” ते म्हणाले. “मागे एकदा बसवून बघितलीय. दोन वेळा ब्रेक दाबला की धूर. मास्तर, तुला विसर पडला, तूच बसवली होतीस.”

“मी?”

“मग कोण, मी? आणि सोळाची कुणी सुचवली?”

“मी, बाबा. उंची बरोबर येते.”

“उंची येते रे. गाल कुठे राहतो?” रिम आणि रस्ता यांच्या मधल्या रबराच्या पट्ट्याला ते गाल म्हणत. ते पुढे आले, त्या झळाळत्या चाकाशी वाकले आणि डाव्या हाताची तीन बोटं रबरावर ठेवली. “बघ, या तुझ्या चाकाला एवढाच गाल. याला खड्डा लागला की तो धक्का सरळ रिमला, रिममधून गाडीला आणि गाडीतून काचेला. गाल भरलेला हवा. खड्डा त्यानं गिळायचा. मी इतकी वर्षं काच नेली ती काय माझ्या हुशारीवर? टायरच्या गालावर नेली.”

“मग पंधरा?” मुलानं विचारलं.

“पंधराच. होती तीच. टायर एकशे पंच्याण्णवचा, उंच गालाचा. आणि मास्तर, लोडिंगचा दे, मोटारीचा नको. काच दिसते पातळ, पण चौकट भरली की मागचं बूड टेकतं.” मग एकदम आठवल्यासारखे थांबले. “कुणासाठी निवडताय पण? घेणारा काय काच नेणार आहे?”

मास्तरांनी दुकानाच्या दिशेनं चालायला सुरुवात केली होती. “घेणाऱ्याचं घेणारा बघेल,” ते न थांबता म्हणाले. “मला घासणाऱ्या चाकांवर गाडी उभी ठेवायची सवय नाही.”

तासाभरानं चारही चाकं बदलली. साधी, करड्या रंगाची, बारीक आणि उंच. जाऊबाई एकदम ओळखीच्या दिसायला लागल्या. चकचकीत चाकं भिंतीशी रांगेत उभी राहिली. मुलानं ती नीट गोणपाटानं झाकली, तेव्हा काचवाल्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. डावा. “मनातून आणली होतीस. पोचली मला,” ते म्हणाले.

“बसता का?” ती म्हणाली. यापुढे तिनं एक शब्द जोडला नाही. ‘झेपेल तेवढं’ नाही, ‘दमानं’ नाही.

काचवाल्यांना पुन्हा तोच पराभव नको होता, हे तिला दिसत होतं. पण टायर त्यांनी स्वतः निवडला होता, आणि तो कसा चालतो हे बघितल्याशिवाय राहणं त्यांना जमणारं नव्हतं. ते वर चढले. इंजिन धडधडलं. त्यांनी गाडी तसूभर पुढे घेतली, आणि ती चालत असतानाच डाव्या हातानं स्टिअरिंग ओढलं.

ते फिरलं.

लोण्यासारखं नाही. जाऊबाई कधीच लोणी नव्हत्या. पण फिरलं, वीतभराच्या पुढे गेलं, अर्ध्यावर आलं. तिथे डावा हात पोचेना, तेव्हा उजव्या हातानं ते क्षणभर तोलून धरलं, आणि तेवढ्यात डाव्यानं नवी पकड घेतली. तोलून धरायचं, एवढंच काम उजव्याकडे होतं. तेवढं त्याला येत होतं. गाडी अंगणात गोल वळली, भिंतीपासून हातभर अंतर ठेवून, आणि तोंड फाटकाकडे करून उभी राहिली. कुठे खर्र नाही, काही नाही.

मग काचवाल्यांनी डोकं बाहेर काढलं.

“मास्तर.”

“बोल.”

“मघाशी तुला खरंच वळलं नव्हतं?”

“आईशप्पथ नाही. कंबर धरलीय माझी. रात्री शेकायला लागणार.”

“आणि याला?”

“मला पण नाही, बाबा. दंड दुखतोय.”

काचवाले खांदे हलवत हसायला लागले. आधी आवाज न करता, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. “अरे, मग मी उगाच या हाताला... अरे, तिघंही गाढव! चौघं! मी धरून चौघं!” मुलगा दाराला टेकून हसत होता आणि मध्येच बाहीनं नाक पुसत होता. मास्तर कंबर धरून हसत होते. तिनं पदर तोंडाला लावला आणि डोळे मिटले. आत तो हात दिसला नाही. काहीच दिसलं नाही, नुसता गार अंधार, आणि त्या अंधारात ती थोडा वेळ उभी राहिली.

“चल, बस,” काचवाले तिला म्हणाले. “बाजारापर्यंत जाऊन येऊ.”

“मी मागे बसू?” मुलानं विचारलं.

“तू घरी थांब. जाऊबाई आणि तुझी आई असताना माझं तिसऱ्या कुणाशी बोलणं होत नाही.”

फाटकातून बाहेर पडताना मास्तरांनी उगाचच दोन्ही हात हलवून वाट दाखवली. गल्लीतली वळणं काचवाल्यांनी जरा लवकर धरली, जरा लांबून घेतली. पहिल्या गतिरोधकावर टायरांनी धक्का गिळला तेव्हा ते “हां” असं समाधानानं म्हणाले. ती शेजारी बसली होती, दोन्ही हात मांडीत घट्ट धरून, आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती.

बाजाराच्या चौकात उजवीकडे वळायचं होतं. काचवाले थांबले. समोरून एक टेम्पो गेला, मग एक सायकल, मग दोघी बायका पिशव्या सावरत गेल्या. वाट मोकळी झाली तरी ते पुन्हा एकदा दोन्हीकडे बघत राहिले.

मागे कर्कश हॉर्न वाजला. मग आणखी लांब. मोटरसायकलवरचा एक तरुण माणूस त्यांच्या खिडकीशेजारी येऊन थांबला.

“ओ काका! झोप लागली का? रस्ता काय बापाचा आहे तुमच्या?”

ती शहारली. वर्षभरात त्यांच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. आता ते विझणार, घरी चल म्हणणार, असं वाटून तिनं त्यांच्याकडे वळून पाहिलं.

काचवाल्यांनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. “बापाचा नाही, माझाच आहे!” ते कडाडले. “एवढी घाई आहे तर वरून उडी मारून जा! मोठा आला!”

“हाका मग गाडी, बघताय काय?”

“हाकतो! तुझ्या आधीपासून हाकतोय!”

तो माणूस काहीतरी पुटपुटत निघून गेला. काचवाले आत वळले. चेहरा लाल झाला होता आणि डोळे चमकत होते.

“ऐकलंस का गं?”

“ऐकलं हो.”

“चांगला खेकसला माझ्यावर.”

“बापसुद्धा काढला.”

“काढला ना!” ते म्हणाले. “अगदी खणखणीत काढला.”

त्यांनी गाडी पुढे घेतली आणि वळण धरलं. अर्ध्या वळणात उजवा हात एकदा घसरला, मांडीवर आला. त्यांनी तो उचलून पुन्हा वर ठेवला. ती तेव्हा खिडकीबाहेर बघत होती, दुकानं उघडी होती, आणि कोपऱ्यावरच्या घराच्या खिडकीत कुणीतरी काच पुसत होतं.